ध्वनिक्षेपक, भित्तिस्थ
भिंतीच्या पोकळीत बसविलेला व ज्याची केवळ जाळी दर्शनी पृष्ठाशी समतल राहते, असा ध्वनिक्षेपक. उत्तर अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांत ही पद्धत विशेष रूढ आहे, कारण तेथील भिंतींत उभे दांडे सामान्यतः मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच (सु. ४१ सेंमी.) अंतरावर असून, त्यांच्यामधील सु. ३.५ इंच (सु. ९ सेंमी.) खोल पोकळीवर जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात.

बाह्य भिंतींची पोकळी बहुधा काचतंतूंच्या उष्णतारोधक थराने भरलेली असते. हा थर ध्वनिदृष्ट्या उपकारकच होय, कारण शंकूच्या पाठीमागील तरंगांचे शोषण करून तो पोकळीतील अनुनाद मंदावतो. तथापि तो दाबला अथवा कापून काढला असता भिंतीचा उष्णतारोध घटतो, आणि शीत प्रदेशांत उबदार बाजूस लावलेले बाष्परोधक पटल फाटल्यास घरातील दमट हवा थंड पृष्ठास भिडून तेथे पाणी साचते व लाकूड कुजण्यास वाव मिळतो. म्हणून ध्वनिक्षेपकामागे बंद पेटी बसवून पटलाच्या कडा तिच्याशी चिकटपट्टीने सांधणे इष्ट ठरते. पेटीमुळे शेजारच्या खोलीत जाणारा आवाजही कमी होतो. मात्र तिचे घनफळ उत्पादकाच्या शिफारशीहून अपुरे असल्यास मंद्र स्वर क्षीण होतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार भिंतीतून न्यावयाची तार त्या कामास मंजूर, उदा., सीएल-२ वर्गाची, असावी लागते. अग्निरोधाचा दाखला मिळालेल्या भिंतीस छिद्र पाडल्यास तो दाखला बाधित होण्याचा संभव असतो.