बोटीवरचा एक शब्द आणि आपली शाळा



स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला आधी माझी आजी आठवली. घरी कुणी नवीन ख्रिस्ती पाहुणे आले की ती विचारायची, "तुम्ही अमेरिकन की एसपीजी?"

नगरला वाढलेल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आपली शाळा काढणारं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. तिथे बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. एसपीजी हे इंग्लंडचं अँग्लिकन मिशन. तिथे बिशप आणि उपासनेचा ठरलेला क्रम. १८७०च्या दशकात एसपीजीचं काम नगर भागात वाढलं आणि अमेरिकन मिशनमधली बरीच कुटुंबं तिकडे गेली. बायबल तेच, पण सोयऱ्याधायऱ्यांत रेघ पडली.

आजी एसपीजीची, आजोबा अमेरिकन. लग्न झालं आणि आजीचा पंथ बदलला. तिला कुणी विचारलं नाही. ती जन्मभर आमच्या मंडळीत बसली, पण माहेरचं प्रार्थनेचं पुस्तक शेवटपर्यंत तिच्या ट्रंकेत होतं.

मिशनचा इतिहास वाचायला घेतला तर त्याच्या मुळाशीही एक पंथांतरच निघालं!

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली: अ‍ॅडोनिरम जडसन, सॅम्युअल नॉट, सॅम्युअल न्यूएल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. पाचही काँग्रिगेशनल. १८१०मध्ये स्थापन झालेलं अमेरिकन बोर्ड त्यांना हिंदुस्थानात पाठवत होतं. जडसन तेवीस वर्षांचे, पत्नी अ‍ॅन बावीस वर्षांची, आणि लग्न आदल्याच दिवशी झालेलं. जडसन आणि न्यूएल ही दोन जोडपी एका बोटीने निघाली, बाकीचे दुसऱ्या.

चार महिन्यांच्या प्रवासात जडसन ग्रीक नवा करार घेऊन बसले. कोलकात्याजवळ श्रीरामपूरला विल्यम कॅरी भेटणार होते. १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे ते हेच कॅरी. ते बॅप्टिस्ट होते. बॅप्टिस्टांच्या मते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नव्हे. समजत्या वयात विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो द्यायचा, तोही पाण्यात बुडवून. काँग्रिगेशनल मंडळीत बाळांनाही बाप्तिस्मा मिळे आणि पाणी शिंपडलं तरी चाले. कॅरींशी वाद झालाच तर उत्तर हवं, म्हणून जडसन त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तपासू लागले, आणि अर्थ 'बुडवणं' असाच निघाला. सॉफ्टवेअरमध्ये एका शब्दाची व्याख्या बदलली की सगळी रचना पुन्हा मांडावी लागते, हे मी वीस वर्षं पाहते आहे. इथे तर पगार, सोबती आणि परतीचा आधार, सगळंच त्या शब्दावर टांगलेलं होतं.

अ‍ॅनला हे मुळीच पटलं नाही. तुम्ही झालात तरी मी बॅप्टिस्ट होणार नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं. मग ती स्वतः अभ्यासाला बसली, दोन्ही बाजूंची पुस्तकं वाचली, आणि नंतरच तयार झाली. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कोलकात्यात दोघांचा बाप्तिस्मा झाला. नोव्हेंबरमध्ये राइसही त्याच वाटेने गेले. ज्या बोर्डाच्या पैशावर आले, त्याचा राजीनामा द्यावा लागला. परक्या मुलुखात पुढच्या महिन्याचा खर्च कोण देणार, हे ठाऊक नव्हतं. मायदेशी अनेकांना हा विश्वासघातच वाटला.

राइस अमेरिकेत परतले आणि गावोगाव फिरून बॅप्टिस्टांना एकत्र आणू लागले. १८१४मध्ये फिलाडेल्फियाला बॅप्टिस्टांची देशव्यापी मिशनरी संघटना उभी राहिली. जडसन दांपत्य ब्रह्मदेशात गेलं. जडसन यांनी तिथे तुरुंगवास भोगला आणि बायबलचं ब्रह्मी भाषांतर पूर्ण केलं.

जे बदलले नाहीत त्यांचं काय? ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. हॉल आणि नॉट कोलकात्याहून निघून फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला पोचले. तिथूनही त्यांना घालवण्याचे प्रयत्न झाले, पण अखेर राहण्याची परवानगी मिळाली. १८१४मध्ये न्यूएल येऊन मिळाले. येताना मॉरिशसला त्यांची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट वारली होती. न्यूएल १८२१मध्ये मुंबईत आणि हॉल १८२६मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने गेले. या तिघांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८२४मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली, १८३१मध्ये ते नगरला आलं, आणि पुढे त्यातूनच आपली शाळा.

पाचांपैकी कुणाला चुकलेला म्हणायचं? मला तरी म्हणता येत नाही. जडसन प्रामाणिक होते म्हणून गेले, हॉल प्रामाणिक होते म्हणून राहिले. दोघांनीही आपला निर्णय स्वतः घेतला आणि त्याची किंमत मोजली. अ‍ॅनलाही वाचायला, नाही म्हणायला आणि मग हो म्हणायला वेळ मिळाला. माझ्या आजीला तो मिळाला नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत आमचे काँग्रिगेशनल होते, आजीच्या माहेरचे अँग्लिकन होते आणि बॅप्टिस्टही होते. बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणी, या प्रश्नावर दोन्ही रीती मान्य झाल्या. ज्या मुद्द्यावर १८१२मध्ये सोबती वेगळे झाले, त्यावर दोन्ही बाजू एका छताखाली राहू शकतात, हे मान्य व्हायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

आजीचा प्रश्न मात्र १९७०नंतरही थांबला नाही! त्यात भांडण नसायचं. माहेरचं कुणी भेटतंय का, एवढंच ती पाहत असावी. तिचं ते प्रार्थनेचं पुस्तक आता माझ्याकडे आहे. मेळाव्याच्या प्रदर्शनात ते ठेवणार आहे. जरूर पाहा.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी, १९९६