कॅम्बसची पिंपं

‘सिंगल ग्रेन’ हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास चकवतं. यातलं ‘सिंगल’ धान्याचं नाही, डिस्टिलरीचं आहे. या स्कॉचमध्ये मका किंवा गहू असतो आणि त्यातल्या पिठुळाची साखर व्हावी म्हणून मोड आणलेली बार्लीही असते. मात्र सगळी दारू एकाच ठिकाणी गाळलेली असते.

ही व्हिस्की तांब्याच्या हंड्यातून नव्हे, उंच स्तंभांतून जन्मली. १८२०च्या दशकाअखेरीस स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टाइन यांनी अखंड चालणारी भट्टी बांधली. पाठोपाठ १८३०मध्ये आयर्लंडच्या एनिअस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याने तिची सुधारित रचना पेटंट केली. हंडा दर घाण्याला रिकामा करावा लागतो; कॉफीच्या स्तंभात वरून आंबवण उतरतं, खालून वाफ चढते आणि मद्यार्क सतत निघत राहतो. हा माल हलका, स्वच्छ आणि स्वस्त. १८६०च्या कायद्याने करभरणीआधीच गोदामात हंड्यातली माल्ट आणि स्तंभातली ग्रेन यांचं मिश्रण करायला मुभा दिली. एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी तिचा फायदा घेतला आणि मिश्र स्कॉच जगभर पोहोचली.

पण या ग्रेनला व्हिस्की म्हणायचं का?

१९०५मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. दंडाधिकाऱ्याने निकाल ग्रेनच्या विरोधात दिला. वाद धुमसत असतानाच कॅम्बस या डिस्टिलरीची सात वर्षं मुरलेली निव्वळ ग्रेन व्हिस्की जाहिरातींतून झळकली. गॅलनभर प्यायली तरी डोकं दुखणार नाही, असा तिचा दावा होता! अखेर १९०९मध्ये रॉयल कमिशनने ग्रेनलाही व्हिस्कीचा दर्जा दिला.

तरीही तिची ओळख मिश्रणातला हलका भाग एवढीच राहिली. तिचा खरा स्वभाव कळायला पिंपात तीन-चार दशकं जावी लागतात. स्तंभातून निघणाऱ्या दारूला स्वतःचा गंध बेताचा, त्यामुळे लाकडाचं बोलणं तिच्यात स्पष्ट उमटतं. बर्बनसाठी एकदा वापरलेली अमेरिकन ओकची पिंपं इथे येतात. ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिला येतो, लॅक्टोनमुळे ओल्या नारळाचा वास. त्यात टॉफी, पिकलं केळं आणि सायीसारखा मऊपणा मिसळतो. याची किंमतही मोजावी लागते. वर्षाला साधारण दोन टक्के माल हवेत उडून जातो, म्हणजे चाळीस वर्षांनी पिंपात निम्माही उरत नाही. त्यातच मद्यार्क ४० टक्क्यांखाली घसरला, तर कायद्याने ती स्कॉच राहत नाही.

कॅम्बस १९९३मध्ये बंद झाली. पण १९७५मध्ये तिथे गाळलेली व्हिस्की गोदामात शांतपणे मुरत होती आणि २०१६मध्ये ती ४० वर्षांची म्हणून बाटलीत उतरली. तोवर डिस्टिलरीच्या जागेवर डियाजिओ या मद्यकंपनीचा पिंपांचा कारखाना उभा राहिला होता. तिथे आज जुनी पिंपं दुरुस्त होतात, आतून पुन्हा जाळली जातात आणि दुसऱ्या भट्ट्यांची दारू मुरवायला रवाना होतात.