पिकअप वाहनांतील गिअरचा आवाज आणि क्लचचा ‘अंदाज’ : यंत्राची भाषा कशी ओळखावी?

नवी दिल्ली – आझादपूर बाजार समितीत पहाटेपूर्वी दाखल होणारा लासलगावचा कांदा आणि नाशिकची द्राक्षे मोठ्या मालमोटारींतून उतरतात आणि तेथून पुढे राजधानीच्या गल्लीबोळांत पोहोचतात ती प्रामुख्याने लहान पिकअप वाहनांतून. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील किरकोळ मालवाहतुकीचा मोठा भार हीच वाहने पेलतात. यांतील बहुसंख्य वाहनांना हाताने बदलावयाचे गिअर आणि पायाने दाबावयाचा क्लच असतो. या यंत्रणेत बिघाड होण्यापूर्वी ती बहुधा दोन मार्गांनी सूचना देते : एक आवाजातून आणि दुसरी क्लचच्या पेडलमधून पायाला होणाऱ्या जाणिवेतून. ही सूचना वेळीच ओळखली तर वाहनमालकाचा मोठा खर्च आणि प्रसंगी अपघातही टळू शकतो.

भारतातील पिकअप वाहनांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. टाटा समूहाने १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल’ हे पिकअप बाजारात आणले, तर २००५ मध्ये आलेल्या दोन सिलिंडरच्या ‘टाटा एस’ने लहान मालवाहतुकीचे चित्र पालटले. महिंद्राचे ‘बोलेरो पिकअप’ आज देशभर परिचित आहे. इंजिन पुढे आणि गती मागील चाकांना, ही मांडणी या वर्गात रूढ आहे. त्यामुळे इंजिनची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, लांब प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल असा प्रवास करून चाकांपर्यंत पोहोचते. या साखळीतील प्रत्येक दुव्याचा आवाज वेगळा असतो.

आवाज का होतो?

चार सिलिंडरच्या चार-धावी इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत उभे असेल तर सेकंदाला २५ धक्के फ्लायव्हीलला बसतात. सिलिंडर कमी असतील तर धक्के विरळ, पण अधिक तीव्र होतात. गिअरच्या दात्यांमध्ये फिरण्यासाठी किंचित मोकळीक ठेवावीच लागते. ज्या गिअरवर भार नसतो, त्याचे दाते या धक्क्यांनी एकमेकांवर आपटतात आणि ‘खडखड’ ऐकू येते. डिझेल पिकअपमध्ये गिअर न्यूट्रलवर असताना असा हलका आवाज येणे हा दोष नव्हे. हे धक्के शोषण्यासाठी क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंग बसविलेल्या असतात. त्या झिजल्या किंवा तुटल्या की हाच आवाज वाढतो.

पेडल दाबून करावयाची पहिली परीक्षा

वाहन उभे, इंजिन सुरू आणि गिअर न्यूट्रलवर असताना क्लच सोडलेला असेल तर गिअरबॉक्समधील प्रमुख शाफ्ट फिरत राहतो. पेडल पूर्ण दाबताच तो थांबतो. त्यामुळे पेडल दाबल्यावर आवाज नाहीसा होत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंगवर किंवा दात्यांच्या खडखडीवर जातो. याउलट पेडल दाबताच ‘किर्रर्र’ आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग झिजल्याची शक्यता अधिक असते.

धावत्या वाहनात दुसरी कसोटी उपयोगी पडते. मागील चाकांना गती देणाऱ्या अनेक पाच गिअरच्या वाहनांत चौथा गिअर ‘थेट’ असतो. त्यात शक्ती मधल्या शाफ्टच्या दात्यांतून न जाता सरळ पुढे जाते. इतर गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर दोष मधल्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा दात्यांमध्ये असण्याची शक्यता बळावते. सर्व गिअरमध्ये सारखाच, पण वाहनाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल, तर शोध गिअरबॉक्सच्या मागे घ्यावा.

प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल

निघताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना ‘टण्ण’ असा एकच ठोका ऐकू आला, तर प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘क्रॉस’, ढिला झालेला असू शकतो. हा जोड तिरप्या कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती कमी-अधिक करतो. दोन्ही टोकांचे जोड योग्य मांडणीत आणि समान कोनात असतील तरच हा फरक परस्पर भरून निघतो. वाहनात प्रमाणाबाहेर माल भरला की मागील पाटे दबतात, कोन बदलतो आणि थरथर सुरू होते. रिकामे असताना शांत आणि भरल्यावर थरथरणाऱ्या वाहनात हे कारण प्रथम तपासावे. दुरुस्तीनंतर शाफ्टचे दोन भाग खुणा न जुळवता जोडले गेले, तरीही हाच दोष उद्भवतो.

डिफरन्शियलचा आवाज बहुधा लांबलचक शिट्टीसारखा असतो. तो केवळ ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर, याकडे लक्ष द्यावे, कारण दोन्ही वेळी दात्यांच्या वेगवेगळ्या बाजूंवर भार येतो. क्रॉसमधील ढिलाईकडे मात्र दुर्लक्ष करू नये. धावत्या वाहनाचा शाफ्ट निखळून रस्त्यावर आदळणे प्राणघातक ठरू शकते.

पायाला कळणारी लक्षणे

क्लच ज्या टप्प्यावर पकड घेतो, तो टप्पा चालकाला सरावाने ठाऊक असतो. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की हा टप्पा हळूहळू वर सरकतो आणि पेडलची मोकळी हालचाल कमी होते. वेळोवेळी केबल जुळवून घेतली नाही तर क्लच पूर्ण पकड घेत नाही व घसरू लागतो. हायड्रॉलिक क्लचमध्ये झीज बरीचशी आपोआप भरून निघते, म्हणून तेथे टप्प्यातील बदल उशिरा जाणवतो. पेडल जड होणे हेही झिजेचे लक्षण आहे, कारण प्लेट पातळ झाल्यावर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बैठक बदलते. पेडल एकाएकी मऊ झाले किंवा पकड अगदी तळाशी येऊ लागली, तर हायड्रॉलिक नळीत हवा शिरली आहे का किंवा गळती आहे का, हे पाहावे.

चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, ही क्लच घसरण्याची खूण होय. पेडल दाबून काही क्षण थांबल्यावरही रिव्हर्स गिअर करकरत पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. निघताना संपूर्ण वाहन थरथरत असेल, तर प्लेटवर तेल आले असण्याची, फ्लायव्हील तापून खराब झाले असण्याची किंवा इंजिनचे माउंटिंग सैल झाले असण्याची शक्यता असते.

राजधानीतील रस्ते आणि हवामान

दिल्लीत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर मालवाहनांना प्रवेशबंदी असते. प्रवेश खुला झाल्यावर मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत चालकाचा पाय सतत अर्ध्या क्लचवर राहतो. भरलेले वाहन दुसऱ्या गिअरमध्ये उचलण्याची सवय तर अधिक घातक आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि दुसऱ्याचे २ धरले, तर त्याच इंजिनगतीला क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता सुमारे चौपट होते.

उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा गिअर ऑइल पातळ करतो, तर जानेवारीच्या धुक्यातील पहाटे तेच तेल घट्ट होऊन गिअर जड पडतात. पहिल्या काही किलोमीटरनंतर हा जडपणा गेला तर काळजीचे कारण नसते. तेल बदलताना मात्र उत्पादकाने सांगितलेलीच श्रेणी वापरावी. डिफरन्शियलसाठी बनविलेल्या जीएल-५ तेलातील रसायने गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर कड्यांना अपायकारक ठरू शकतात. अशा गिअरबॉक्ससाठी बहुधा जीएल-४ तेल सुचविलेले असते.

जुने वाहन घेताना

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ७ एप्रिल २०१५ रोजी राजधानी क्षेत्रातील १० वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध घातले आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. २०२५ मध्ये न्यायालयाने या अंमलबजावणीबाबत नवे आदेश दिले. मध्यंतरीच्या काळात ना हरकत प्रमाणपत्र घेऊन राजधानीतील अनेक वाहने परराज्यांत विकली गेली. असे पिकअप घेणाऱ्या शेतकऱ्याने किंवा व्यावसायिकाने कागदपत्रांइतकेच लक्ष वरील कसोट्यांकडे द्यावे. वाहन थंड असताना सुरू करून पाहावे, शक्य असल्यास माल भरून चालवावे आणि चारही परीक्षा स्वतः घ्याव्यात : न्यूट्रलवर क्लच दाबून-सोडून, प्रत्येक गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून-सोडून आणि रिव्हर्समध्ये.

क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून केवळ प्लेट बदलून थोडी बचत करण्यापेक्षा प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलणे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासणे आणि तेलाची गळती थांबविणे हितावह ठरते. अन्यथा काही महिन्यांतच तेच काम, तीच मजुरी आणि बुडालेल्या फेऱ्यांचे नुकसान मालकाला पुन्हा सोसावे लागते.