कोलेस्टेरॉलचा आकडा आणि नॉटिंगहॅमचे गणित

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की पूर्वी घरांच्या किमती आणि मुलांच्या शाळा हे दोन विषय हमखास निघत. हल्ली त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. "तुमचे कोलेस्टेरॉल किती? गोळी चालू केली का?" एक जण सांगतो, डॉक्टरांनी स्टॅटिन दिले आहे. दुसरा सांगतो, मी तर बंद केले, पाय दुखायचे. तिसऱ्याने एक व्हिडिओ पाहिलेला असतो आणि त्याच्या मते हा सगळा औषध कंपन्यांचा बाजार असतो. श्रीखंडाची वाटी हातात घेऊनच ही चर्चा चालते, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या नावामागचे 'डॉ.' हे रसायनशास्त्राचे आहे, नाडी बघण्याचे नाही. तेव्हा कोणी गोळी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे आम्ही सांगणार नाही. पण या वादाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या नॉटिंगहॅममध्येच लिहिले गेले. ते आपल्या मंडळींना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

सुरुवात 1913 साली रशियात झाली. सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल तेलात विरघळवून खाऊ घातले. सशांच्या रक्तवाहिन्यांत माणसांत दिसतात तसे थर साचले. आक्षेप लगेच आला: ससा हा शाकाहारी प्राणी, त्याच्यावरून माणसाचे अनुमान कसे काढायचे? उत्तरासाठी माणसांकडेच पाहावे लागले. 1948 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम गावात 5,209 स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तेथे आकड्यांत मांडला गेला. त्यावरून धोका मोजण्याचे कोष्टक तयार झाले आणि पुढे तेच अनेक देशांत वापरात आले. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फ्रेमिंगहॅमची ती माणसे जवळजवळ सगळी गोरी होती.

येथे रसायनशास्त्राचे थोडे सांगतो. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्तातील आम्ले, अनेक हार्मोन्स आणि ड जीवनसत्त्व यांच्यासाठी शरीराला ते लागते, आणि त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. म्हणून नुसते तूप बंद करून आकडा फारसा हलत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. शरीरातील हा कारखाना थोडा मंद करता येईल का, हा प्रश्न टोकियोच्या सान्क्यो कंपनीतील अकिरा एन्डो यांनी घेतला. 1971 पासून त्यांनी सुमारे सहा हजार बुरशी तपासल्या. उपयोगी बुरशी सापडली ती क्योटोतील एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर! कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतील एक मुख्य एन्झाइम अडवणारा पदार्थ त्यांनी 1973 साली तिच्यातून वेगळा केला. तांदळाला बुरशी आली की आपण तो टाकून देतो. एन्डोंनी त्यातून स्टॅटिनचा वंश सुरू केला. या वर्गातील पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत 1987 साली विक्रीला आले.

आकडा कमी होतो हे दिसले, पण माणूस वाचतो का? उत्तर 1994 साली स्कँडिनेव्हियातून आले. आधीच हृदयविकार असलेल्या 4,444 रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात 256 मृत्यू झाले, औषधाच्या गटात 182. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत खरा वाद येथेच मिटला. आपल्यापैकी कोणी अशा स्थितीत असेल तर ऐकीव गप्पांवरून गोळी सोडू नये, एवढे मात्र आम्ही स्पष्ट सांगतो.

वाद उरला तो झटका न आलेल्यांचा. 1995 साली पश्चिम स्कॉटलंडमधील 6,595 पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यांना पूर्वी हार्ट अटॅक आलेला नव्हता, पण कोलेस्टेरॉल जास्त होते. पाच वर्षांत एका गटात 248 जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, औषधाच्या गटात 174 जणांना. आता हेच दोन तऱ्हांनी सांगता येते. "धोका 31 टक्क्यांनी घटला" हेही खरे, आणि "शंभर जणांनी पाच वर्षे गोळी घेतली तर दोघांचा फायदा झाला" हेही खरे. गोळीच्या बाजूचे पहिले वाक्य वापरतात, विरोधातले दुसरे. जेवणाच्या रांगेतील आपली अर्धी भांडणे येथूनच येतात. त्या शंभरात आपण किती धोक्याच्या जागी उभे आहोत, हे कळल्याशिवाय दोन्ही वाक्यांचा उपयोग नाही.

आणि येथे आपल्या लोकांचा प्रश्न येतो. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार जास्त, हे दिसत होते. 1991 साली साउथॉल भागातील पाहणी 'लॅन्सेट'मध्ये आली. आपल्या लोकांचे एकूण कोलेस्टेरॉल गोऱ्यांहून जास्त नव्हतेच. फरक होता तो पोटावरच्या चरबीचा, मधुमेहाचा आणि इन्शुलिन नीट काम न करण्याचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली हीच गोष्ट एका छायाचित्रातून दाखवली. ते स्वतः आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन यडकिन, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण यडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! दिसायला सडपातळ, आतून वेगळेच. "आमच्या घरात कोणी जाड नाही" या वाक्यावर आपण किती विसंबतो ते आठवावे.

गोऱ्या अमेरिकनांवर बेतलेले कोष्टक अशा लोकांना कसे लागू पडणार? या प्रश्नावर नॉटिंगहॅम विद्यापीठात काम झाले. प्राध्यापक ज्युलिया हिप्पिस्ली-कॉक्स, संख्याशास्त्रज्ञ कॅरल कूपलंड आणि सहकाऱ्यांनी जीपींच्या संगणकांतील नोंदी, रुग्णांची नावे वगळून, अभ्यासल्या आणि 2007 साली 'क्यूरिस्क' हे गणित मांडले. 2008 च्या दुसऱ्या आवृत्तीत वीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी होत्या आणि वंश हा स्वतंत्र रकाना होता. वय, रक्तदाब, धूम्रपान सारखे धरूनही भारतीय स्त्री-पुरुषांचा धोका गोऱ्यांच्या सुमारे 1.4 पट निघाला. पुढील दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता किती, हे या गणिताने सांगता येते. कोलेस्टेरॉल त्यातला एक रकाना, सगळे गणित नव्हे.

याच दोघींनी 2010 साली गोळीची दुसरी बाजूही मोजली, हे आम्हांला विशेष वाटते. वीस लाख लोकांच्या नोंदींवरून त्यांचा अंदाज असा: जास्त धोक्याच्या 10,000 स्त्रियांनी पाच वर्षे स्टॅटिन घेतले तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे 271 प्रसंग टळतील, पण स्नायूंच्या विकाराचे 39, यकृताच्या बिघाडाचे 74 आणि मोतीबिंदूचे 307 प्रसंग जास्त होतील. हा नोंदींचा अभ्यास, प्रत्यक्ष चाचणी नव्हे. तरी मोतीबिंदू काढता येतो आणि गेलेला माणूस परत येत नाही, हे ज्याने त्याने तोलावे.

2014 साली 'नाइस' या सरकारी संस्थेने गोळी सुचवण्याची मर्यादा दहा वर्षांत 20 टक्के धोक्यावरून 10 टक्क्यांवर आणली. धडधाकट माणसांना रोगी करता, अशी टीका झाली. त्याच सुमारास 'बीएमजे'तील दोन लेखांत 18 ते 20 टक्के लोकांना दुष्परिणाम होतात असे छापले गेले होते. 2014 साली ती विधाने मागे घ्यावी लागली. दुष्परिणाम काल्पनिक आहेत असे मात्र नाही. सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंच्या गंभीर विकारामुळे 2001 साली बाजारातून काढावे लागले होते. पण 2020 साली लंडनमध्ये गोळी सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नुसती गोळी आणि काही महिने काहीच नाही असे दिले, तेव्हा स्टॅटिनच्या महिन्यांतला सुमारे 90 टक्के त्रास नुसत्या गोळीनेही झाला. त्रास खराच होता, पण त्याचे कारण बहुतांशी औषधात नव्हते. सारे समजल्यावर त्यांतील निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आता आपल्या घरची गोष्ट. या गणिताच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत, जे आपणच भरू शकतो. पहिला वंशाचा. तो रिकामा राहिला तर संगणक आपल्याला गोऱ्यांतच धरतो आणि धोका कमी दाखवतो. दुसरा रकाना विचारतो: आई, वडील, भावंडे यांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार झाला होता का? यावर आपण काय सांगतो? "बाबा झोपेतच गेले, पुण्यवान होते." "काका ऑफिसात बसल्या बसल्या गेले, कोणाला त्रास दिला नाही." अशा मरणाला आपल्याकडे भाग्याचे मरण म्हणतात, आणि कारण कोणी विचारत नाही. इकडे डॉक्टर विचारतात तेव्हा आपण "माहीत नाही" म्हणून मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा आईला किंवा मोठ्या भावाला विचारा: बाबांचे वय तेव्हा किती होते? आधी छातीत दुखायचे का? साखर होती का? उत्तर कागदावर लिहून मुलांसाठीही ठेवा. इंग्लंडमध्ये 40 ते 74 वयाच्या, असे विकार नसलेल्या लोकांना दर पाच वर्षांनी मोफत तपासणीसाठी बोलावतात. त्या पत्राला उत्तर द्या आणि जाताना तो कागद घेऊन जा. गोळी घ्यायची की नाही हे मग डॉक्टरांशी बसून ठरवा. निदान गणितात घातलेले आकडे तरी आपले स्वतःचे असतील.