ऑक्सिजन होता

19 एप्रिल 2021, रात्री 8.05. अनर्थाला चाळीस तास.

कळंबोलीहून देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस सुटते. सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर. पूल आणि विजेच्या तारांखालून जायचे म्हणून 3,320 मिलिमीटर उंचीचे टँकरच निवडले आहेत. वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेत गाडी विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघते. अंतर 1,850 किलोमीटरहून जास्त.

कोविडच्या त्या दिवसांत सगळा महाराष्ट्र ऑक्सिजनच्या टनांचा हिशेब करत होता. नांदेडात मार्चअखेरीसच कडक टाळेबंदी लागली होती. लातूर-नांदेडच्या घराघरांत सिलिंडर कुठे मिळेल, बेड कुठे रिकामा आहे, याचेच फोन चालू होते. तुटवडा खरा होता. म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक जिव्हारी लागते: तुटवडा त्याचे कारण नव्हते.

20 एप्रिल, दुपार. अनर्थाला चोवीस तास.

गाडी वाटेवर आहे. ती जो ऑक्सिजन आणणार आहे, तो रुग्णाच्या नाकाशी पोहोचणारा वायू मुळात कारखान्याचा. पोलादाच्या भट्टीत शुद्ध ऑक्सिजन फुंकावा लागतो, म्हणून मोठ्या पोलाद कारखान्याशेजारी हवा वेगळी करणारा प्रकल्प असतोच. तिथे हवा गाळून दाबली जाते. मग तिच्यातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड रेणूचाळणीत अडकवतात. ते पुढे गेले तर बर्फ होऊन नळ्या तुंबतात. यानंतर खरी किमया उष्णता-विनिमयकाची. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या थरांतून एका बाजूने बाहेर निघालेला थंडगार नायट्रोजन जातो, दुसऱ्या बाजूने आत येणारी हवा. जाणारा येणाऱ्याला गार करतो आणि महागामोलाची थंडी वाया जात नाही. शेवटी उंच स्तंभात ऊर्ध्वपातन होते: नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे 183 ला.

दोघांच्या मध्ये, उणे 186 ला, आर्गॉन असतो. तो वेगळा काढताना थोडा ऑक्सिजन त्याला चिकटून येतो. जुनी रीत अशी की त्यात हायड्रोजन मिसळून मिश्रण पॅलेडियमच्या उत्प्रेरकावरून न्यायचे. ऑक्सिजनचे पाणी होते, ते वाळवून काढले की आर्गॉन शुद्ध. हवेतले हायड्रोकार्बन जाळून टाकण्यासाठीही काही ठिकाणी उत्प्रेरक वापरत. कारण द्रव ऑक्सिजनमध्ये असली घाण साचली तर स्फोट होतो. 1997 च्या नाताळात मलेशियातल्या बिंटुलूचा प्रकल्प असाच उद्ध्वस्त झाला. जंगलातल्या वणव्यांचा धूर हवेबरोबर आत ओढला गेला होता. तेव्हापासून तर या धंद्यातली माणसे घाणीचा सूक्ष्म अंशही मोजत बसतात.

इतकी राखण कारखान्याच्या टोकाला. आता दुसरे टोक पाहू.

21 एप्रिल, सकाळ. अनर्थाला काही तास.

नाशिक महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. दीडशेच्या आसपास कोविड रुग्ण, बहुतेक ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर. आवारात 13 हजार लिटरची टाकी, काही आठवड्यांपूर्वीच बसवलेली. एक लिटर द्रवाचा सुमारे साडेआठशे लिटर वायू होतो. टाकीतला द्रव पंखांसारख्या पात्यांच्या बाष्पकातून जातो, बाहेरच्या हवेची उष्णता घेतो, वायू होऊन नळीवाटे वॉर्डात शिरतो. हाही उष्णता-विनिमयकच, फक्त साधासुधा.

टाकी भरायला टँकर आलेला आहे. ऑक्सिजन दारात उभा आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास.

टाकीच्या जोडणीपाशी गळती सुरू होते. उणे 183 अंशांचा द्रव उघड्यावर येताच आसपासच्या हवेतला ओलावा गोठतो आणि आवार पांढऱ्या धुक्याने भरून जाते. त्या दिवशी साऱ्या देशाने ते धुके दूरदर्शनवर पाहिले. ते आगीच्या धुरासारखे दिसते, पण असते गारठ्याचे; हात घातला तर कातडी जळते, डोळ्यांना व्हॉल्व्ह दिसत नाही. अग्निशमन दलाचे जवान त्यात शिरतात.

आत वॉर्डात नळीतला दाब उतरतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला मिनिटे मोजायचीही सवड नसते. नातेवाईक आणि कर्मचारी सिलिंडर ओढत आणतात, काही रुग्णांना दुसरीकडे हलवतात. पुरवठा सुमारे अर्धा तास खंडित झाला, असे जिल्हाधिकारी सांगतात.

22 माणसे गेली. पुढे हा आकडा 24 झाला.

इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. वैद्यकीय वायूंच्या आंतरराष्ट्रीय मानकात तीन स्वतंत्र स्रोत सांगितले आहेत: मुख्य, दुय्यम आणि राखीव. मुख्य पडला की दुय्यमाने आपोआप धुरा घ्यायची. दीडशे जिवांचा श्वास एका जोडणीवर टांगला जात असेल, तर तो दोष एकट्या जोडणीचा नाही. टाकी बसवताना दुसरी वाट न मागणाऱ्या साऱ्या व्यवस्थेचा आहे.

त्या क्षणी सात रिकामे टँकर विशाखापट्टणमच्या वाटेवरच होते.

22 एप्रिल.

कारखान्यात दहा तासांत सातही टँकर भरतात. शंभर टनांहून अधिक द्रव ऑक्सिजन घेऊन गाडी परत फिरते.

23 एप्रिल, पहाटे तीनच्या सुमारास.

गाडी धावत असतानाच विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागते. सुरुवातीला 13 रुग्णांचा मृत्यू नोंदवला जातो. रात्री एक्स्प्रेस नागपूरला पोहोचते. तीन टँकर तिथे उतरतात.

24 एप्रिल, सकाळी 10.25.

उरलेले चार टँकर नाशिकला पोहोचतात, नागपूरहून अवघ्या बारा तासांत. रेल्वेच्या माणसांनी जीव तोडून काम केले, त्याचे मोल कमी नाही.

पुढे ऑक्टोबरपर्यंत पीएम केअर्समधून देशभरासाठी 1,224 पीएसए प्रकल्प मंजूर झाले. जागच्या जागी हवेतून 93 टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन काढणारी ही यंत्रे. त्यांना वीज लागते, चाळणी कोरडी ठेवावी लागते, सांभाळणारा माणूस लागतो. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अख्ख्या जिल्ह्यांचे रुग्ण येतात. तिथल्या टाकीची क्षमता किती, हे विचारणारे पुष्कळ आहेत. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तर सिलिंडरांचा राखीव संच (मॅनिफोल्ड) किती सेकंदांत सुरू होतो, हे दर महिन्याला करून पाहिले जाते का, आणि रात्रपाळीला ते काम येणारा माणूस हजर असतो का, हे विचारायला हवे.