स्ट्रोक्सटाउन पार्क : दर्शनी भाग, भुयार आणि दप्तर

आयर्लंडमधील इंग्रजी कादंबरीच्या संदर्भात ‘बिग हाऊस’ ही संज्ञा केवळ मोठ्या घराची वाचक नाही. जमीनदाराचे प्रॉटेस्टंट घराणे, त्याची जहागीर आणि तीवर राबणारी, बहुतांशी कॅथलिक असलेली कुळे यांच्यातील संबंधांचेच ते नाव होय. या परंपरेचा विचार बहुधा दिवाणखान्यापासून सुरू होतो. वास्तूचा इतिहास लक्षात घेतला, तर तो मुदपाकखाना आणि पागा यांपासूनही सुरू करणे आवश्यक ठरते. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउन पार्क हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण आहे.

मॅहन घराण्याच्या सतराव्या शतकातील मूळ घराला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅलेडियन रूप देण्यात आले. ही योजना रिचर्ड कॅसल्स या जर्मन वंशाच्या वास्तुशिल्पज्ञाची मानली जाते. सोळाव्या शतकात पॅलेडिओने इटलीतील व्हेनेटो प्रांतात मालकाचे निवासस्थान आणि शेतीच्या इमारती एकाच समतोल रचनेत गुंफल्या होत्या. स्ट्रोक्सटाउन येथेही मध्यभागी तीन मजली घर आणि वळणदार भिंतींनी त्याला जोडलेल्या दोन बाजूंच्या इमारती आहेत. त्यांपैकी एकीत मुदपाकखाना, तर दुसरीत पागा. पागेची घुमटाकार छते टस्कन स्तंभांवर तोललेली असून तिचे दालन एखाद्या प्रार्थनामंदिरासारखे भासते.

येथे एक विसंगती जाणवते. श्रमाच्या इमारती दर्शनी भागाची शोभा झाल्या. श्रम करणारी माणसे मात्र दृष्टीआड करण्यात आली. मुदपाकखाना व पागेचे आवार यांना जोडणाऱ्या भुयारातून नोकरांची ये-जा होत असे. त्यामुळे घरातील मंडळींच्या नजरेस ती पडत नसे. उलटपक्षी, मुदपाकखान्याच्या वरच्या सज्जातून घरधनिणीला खालच्या कामावर देखरेख ठेवता येई. आठवड्याच्या जेवणाची यादी ती तेथूनच खाली टाकत असे, असे सांगितले जाते. कोणी पाहावे आणि कोणी दिसू नये, याचा निर्णय अशा रीतीने बांधकामातच झालेला होता.

मारिया एजवर्थ यांच्या ‘कॅसल रॅकरेंट’ (१८००) या कादंबरीने नेमका हा क्रम उलटवला. तेथे घराण्याच्या ऱ्हासाची कथा सांगतो तो थॅडी हा वृद्ध कारभारी, आणि अखेरीस जहागीर जाते ती त्याच्याच मुलाच्या हाती. वास्तूने लपवलेला साक्षीदार साहित्यात निवेदक झाला.

स्ट्रोक्सटाउनच्या बाबतीत ही साक्ष दप्तरातून पुढे आली. महादुष्काळात, १८४७ साली, या जहागिरीवरील सुमारे १,४९० माणसांना कॅनडाला धाडण्यात आले. त्यांतील अनेक जण वाटेतच मरण पावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जमीनदार डेनिस मॅहन यांची गोळी घालून हत्या झाली. १९७९ मध्ये घराची मालकी बदलल्यानंतर जहागिरीच्या कचेरीत जुने कागद सापडले. काम मिळावे म्हणून कुळांनी १८४६ मध्ये केलेला अर्जही त्यांत होता. या दप्तराच्या आधारे १९९४ मध्ये दुष्काळाचे संग्रहालय उभे राहिले, तेही पागेच्या आवारात. दर्शनी भागाने जे झाकले, ते बाजूच्या इमारतींनी उघड केले. ‘बिग हाऊस’ कादंबरीचे वाचनही या इमारतींना वगळून पूर्ण होऊ शकत नाही.