लग्नाच्या ‘याद्या’: मानपानावरून होणारे वाद बैठकीतच कसे मिटवायचे?

मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात, तारीख ठरते, कार्यालयही मिळतं. आणि मग आत्याबाईंच्या साडीवरून दोन घरांत अबोला सुरू होतो.

हे टाळण्यासाठी महाराष्ट्रात एक जुनी पद्धत आहे, याद्या करणं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसतात. कार्यालय कोणाचं, जेवण कोणाचं, दागिने कोण काय घालणार, मानपान किती जणांचे, हे कागदावर लिहिलं जातं. कागदाला हळदकुंकू लागतं, सह्या होतात.

पद्धत चांगली आहे, पण ज्यांचं लग्न आहे ते बहुतेकदा बैठकीत नसतात. त्यामुळे बैठकीआधी दोघांनी खर्चाचा आकडा आपसात ठरवून घ्यावा. तो आपापल्या घरी ज्याने त्याने सांगावा. मुलाच्या आईला ‘नाही’ म्हणण्याचं काम होणाऱ्या सुनेवर ढकललं, की तिचा सासरचा पहिलाच दिवस अवघड होतो.

पाहुण्यांच्या संख्येवर भांडण्याऐवजी ताटांचा हिशोब मांडावा. एक ताट 400 रुपयांचं धरलं तर वाढलेल्या 100 माणसांचे 40 हजार होतात. ‘आमची माणसं नकोत का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, 40 हजार कोण देणार याला असतं.

मानपानात मान आणि पान वेगळे करून पाहावेत. रुसलेल्या काकांना अनेकदा फेटा नको असतो, विचारणा हवी असते. नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो, तिचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. या मानाला फारसा खर्च नाही. तो कोणाचा, हे आधी सांगितलं तरी बरंच निभावतं.

मधला मार्ग म्हणून नोंदणी विवाह आणि छोटं जेवण ठरत असेल, तर कॅलेंडर बघा. विशेष विवाह कायदा, 1954 नुसार आधी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर 30 दिवस थांबावं लागतं आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात.

एका गोष्टीवर मात्र तडजोड करायची नसते. यादीत ‘गाडी’ किंवा ‘फ्लॅटसाठी मदत’ अशी मागणी आली, तर तो मानपान राहत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा, 1961 नुसार हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, नुसती मागणीसुद्धा. मागणी न करता, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीत दिलेल्या भेटवस्तू चालतात. पण 1985 च्या नियमांनुसार त्यांचीही यादी करायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वरांच्या सह्या. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनेच ठेवायची असते. बैठकीतल्या कागदावर वडिलांची सही असते, या कागदावर तिची.